बाइंडिंगखान्यातलं जहाज

छापखाना वर होता, रस्त्याच्या पातळीला. बाइंडिंगखाना त्याच्या खाली, तळघरात. वर छापलेले मोठमोठे कागद म्हातारे काका खांद्यावरून खाली आणून टाकायचे. खालच्या बायका त्यांच्या घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे करायच्या, फर्मे क्रमाने जुळवायच्या, शिवायच्या, त्यांवर पुठ्ठा चढवायच्या. यातल्या दोघी एकाच घरातल्या जावा होत्या. थोरली शिलाईला बसायची, धाकटी घड्यांना. धाकटीला हे काम लावून दिलं थोरलीनेच, म्हणजे मालकासमोर उभं राहून, "ही माझी जाऊ, उद्यापासून येईल," एवढंच तिने सांगितलं होतं. विचारलं नव्हतं.

थोरली तशीच होती. वाघ दारात आला तर त्यालाही "पाय पुसून आत ये" म्हणणारी. सासरे तिला दबकून असत, दूधवाला मापात पाणी घालत नसे, आणि दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, लग्न झाल्यावरही सिनेमाला जायचं तर आधी वहिनीच्या तोंडाकडे बघायचा. शाळा मात्र तिची तिसरीत सुटली होती. अक्षरं लावून वाचायची ती, पण एक ओळ संपेपर्यंत पहिला शब्द विसरायचा.

पुस्तकं बांधणाऱ्या बायका पुस्तकं वाचत नसत. वाचावं असं हाती काही यायचंही नाही. कायद्याची पुस्तकं, गणिताची गाइडं, पंपांचे कॅटलॉग. मग एकदा एका कादंबरीचं काम आलं, जहाजावरची. काम घाईचं होतं. धाकटी पहिल्या फर्म्याची घडी घालता घालता थबकली आणि तिने वरच्या दोन ओळी सहज मोठ्याने वाचल्या. बाजूला चिमणी बसली होती. अंगाने एवढीशी आणि तोंडाने दिवसभर चालू, म्हणून चिमणी. ती म्हणाली, "मग? पुढे काय झालं?"

तळघराचा सगळा कारभार मास्तरीणबाईंकडे होता. त्या कुठल्याही शाळेत शिकवत नव्हत्या, पण चष्म्यावरून बघायच्या तशा. त्यांनी धाकटीकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "वाचायचं तर नीट वाच. तुझ्या वाटच्या घड्या आम्ही घालू. पण काम मागे पडलं तर पुस्तक बंद."

काम मागे पडलं नाही, उलट पुढे गेलं. हात आपोआप चालायचे आणि कान धाकटीकडे असायचे. तिचा आवाज चांगला होता, जरासा घोगरा, घाई न करणारा.

गोष्ट एका सुताराची होती. दूरच्या मुलखात काम मिळेल म्हणून तो बायकोला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन जहाजावर चढतो. त्याच्यासारखी शेकडो माणसं जहाजाच्या पोटात, सामानाच्या जागेत, एकमेकांना चिकटून झोपतात. वर जायला एकच भोक, त्यावर लोखंडी जाळी. रात्री जाळीला वरून कुलूप लागतं. ही माणसं वर येऊन धान्य चोरतील अशी कप्तानाला भीती, म्हणून किल्ली त्याच्या खिशात.

"त्याच्या घरी आयाबहिणी नाहीत का?" चिमणी म्हणाली.

"असतील. त्यांना खाली झोपवत नसेल," मास्तरीणबाई म्हणाल्या.

तळघरातल्या कुणीही समुद्र नीट पाहिलेला नव्हता. चिमणीने एकदा बसच्या खिडकीतून पाहिला होता, पण तेव्हा तिला उलट्या होत होत्या, त्यामुळे तिची साक्ष कुणी धरत नसे. तरी जहाज सगळ्यांना दिसायला लागलं. खाली दिवसाही दिवे लावावे लागत. छताला लागून एक जाळीदार झरोका होता, त्यातून रस्त्यावरची पावलं तेवढी दिसायची. आणि डोक्यावर छपाईचं मशीन चालायचं, धडाड्-धड, धडाड्-धड. एका दुपारी चिमणी वर बघून म्हणाली, "अगं बाई, हे तर इंजिनच झालं." सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं तेव्हा कुणी हसलं नाही.

पुस्तकात सुताराच्या बायकोला फळ्यांमागे पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. ती नवऱ्याला सांगते, तो म्हणतो समुद्रात पाण्याचा आवाज येणार नाही तर काय बैलगाडीचा येणार? ती गप्प बसते. हे वाचून झालं त्या संध्याकाळी घराकडे चालताना थोरली अचानक म्हणाली, "तो सुतार मूर्ख आहे."

"का हो जाऊबाई?"

"बायको सांगते तर एकदा कान लावून बघायला काय जातं याचं?" आणि जरा वेळाने, "पुस्तकातल्या पाण्याने कुणी भिजत नाही. तू वाच बिनधास्त. त्या चिमणीचं काही मनावर घेऊ नकोस, ती ओल आलेल्या भिंतीकडे बोट दाखवून दाखवून बाकीच्यांना घाबरवते."

पण घरी काहीतरी बदललं होतं, ते धाकटीच्या लक्षात आलं. थोरली न्हाणीची कडी लावेना. दार लोटून घ्यायची आणि बाहेर धाकटीला उभं करायची, "कुणी येत नाही ना बघ" म्हणून. रात्री खोलीचं दार उघडं ठेवायला लागली, तेव्हा तिच्या नवऱ्याने डासांवरून कुरकुर केली आणि बोलणी खाल्ली. कामावर तिची बसायची जागा रोज थोडी थोडी जिन्याकडे सरकत होती. आधी दोऱ्याचं रीळ गेलं, मग पाट गेला, मग ती. विचारलं तर म्हणायची, "इथे उजेड बरा पडतो." जिन्याखाली सगळ्यात कमी उजेड होता.

धाकटीची भीती वेगळी होती. फर्मे जुळवताना पुढची पानं तिच्या हाताखालून जात होती आणि नको म्हटलं तरी डोळा पडत होता. पुढे काय आहे ते तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. कुठे "गुडघ्यापर्यंत" एवढाच शब्द, कुठे म्हातारीचा हात, कुठे जाळीला धरलेली बोटं. सकाळी ती वाचायला बसली की थांबावं असं वाटे, पण सगळ्या तोंडाकडे बघत असत, आणि थांबलं तर त्या बायकोला तिथेच अंधारात सोडून उठल्यासारखं वाटे.

दरवाज्याचा विषय निघाला तो चिमणीमुळेच. जाळी पहिल्यांदा आतून ठोठावली जाते ते प्रकरण संपलं होतं. चिमणी चिकटवायच्या खळीचा ब्रश हातात धरून समोर बघत होती, आणि म्हणाली, "आपला तो मागचा दरवाजा कुठे उघडतो गं?"

सगळ्यांनी माना वळवल्या. मागच्या भिंतीला, पुठ्ठ्यांच्या थप्पीआड, एक लाकडी दरवाजा होता. रोज समोर असूनही तो कुणी पाहिला नव्हता. त्याला कुलूप होतं आणि कुलपाला गंज.

जेवायच्या सुट्टीत मास्तरीणबाई वर जाऊन मालकांना विचारून आल्या. मालक म्हणे, मागच्या बोळात उघडतो, तिकडे जमीन खाली उतरते. पूर्वी एकदा तिथून कागदाची रिमं पळवली होती कुणीतरी, तेव्हापासून कुलूप. किल्ली असेल कुठेतरी, बघू सवडीने.

"म्हणजे आपण चोर," चिमणी म्हणाली. मग हळूच, "कप्तान!"

त्या दिवसापासून मालकांचं नाव कप्तान पडलं. मालक मुळात वाईट माणूस नव्हता. उंची बेताची, पोट बेताबाहेर, आणि आजारपणात रजा दिली तर त्याबद्दल बोलून दाखवत नसे. पण एकदा नाव पडलं की पडलं.

आणि मग ती दुपार आली. धाकटी वाचत होती. जहाजाच्या पोटात पाणी शिरलं होतं, लोक उठून उभे राहिले होते, सुताराने आईला खांद्यावर घेतलं होतं. "पाणी घोट्यांच्या वर आलं," धाकटीने वाचलं, आणि दिवे गेले. वरचं मशीनही धडधडता धडधडता एकदम थांबलं. त्या शांततेची कुणालाच सवय नव्हती. वीज जाते, त्यात काही नवल नाही. पाच माणसांनी पाच वेळा "गेली वाटतं" म्हटलं असतं आणि भागलं असतं. पण कुणीतरी अंधारात उठताना खळ कालवायची बादली लाथाडली. बायका अनवाणी बसत. थंडगार पाणी फरशीवरून त्यांच्या पायाखाली पसरलं.

"पाणी!" कोण ओरडलं ते नंतरही कळलं नाही.

मग जे झालं ते फार थोडा वेळ झालं. सगळ्या जिन्याकडे धावल्या. जिना दीड माणूस जाईल एवढा. अंधारात कोपरं, पदर, केस, कुणाच्या तरी बांगड्या फुटल्याचा आवाज. धाकटी जिन्याच्या पहिल्या पायरीवर होती. तिच्या छातीवर मागून पुढून दाब आला, श्वास आत जाईना, आणि तिला खरोखर वाटलं की हे पाणीच आहे. तेवढ्यात कुणीतरी तिला कोपराने जोरात बाजूला सारलं. ती भिंतीवर आपटली. सारणारीच्या अंगाला शिलाईच्या मेणदोऱ्याचा वास होता. तो वास धाकटीच्या घरातला होता. दुसऱ्याच क्षणी वरच्या पायऱ्यांवरून काहीतरी जड घसरत खाली आलं.

मास्तरीणबाईंचा आवाज घुमला, "जागच्या जागी उभ्या राहा! बादली सांडलीये, मेल्यांनो, बादली!"

काका वरून बॅटरी घेऊन आले. त्या उजेडात जिन्याच्या तळाशी थोरली बसलेली दिसली. उजवं मनगट नको त्या दिशेला वळलेलं. ती रडत नव्हती. धाकटीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. बोबडी वळणं म्हणजे काय ते धाकटीने तेव्हा पाहिलं.

हाडवैद्याऐवजी मालकांनी तिला चांगल्या डॉक्टरकडे नेलं आणि प्लास्टर घालून आणलं. तिथून परत येऊन ते खाली उतरले. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. "पुस्तक वाचून माणसं जिन्यावरून पडतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. "उद्यापासून वाचन बंद. हात चालवा, तोंडं नकोत."

वाचन बंद झालं, पण पुस्तक बांधायचंच होतं. आणि यात मालकांची चूक झाली. धाकटी वाचत होती तोवर गोष्ट क्रमाने येत होती, आणि आवाज ओळखीचा होता. आता ज्या बाईच्या हाती जो फर्मा येई तो ती चोरून, एकटी वाचत होती. कुणाला आधीचं मिळालं, कुणाला नंतरचं. एकीच्या पानात म्हातारी जिवंत होती, दुसरीच्या पानात नव्हती. कुणी कुणाला सांगत नव्हतं. तळघरात फक्त कागदाच्या घड्यांची सळसळ आणि वरचं मशीन. मध्येच एखादी उठून उगाच जिन्यापर्यंत जाऊन यायची.

थोरली दोन-चार दिवस घरी राहिली. ती धाकटीशी बोलत नव्हती. जेवायला वाढलं की मान खाली घालून जेवायची. शेवटी धाकटीच तिच्या समोर जाऊन बसली.

"जाऊबाई, मला कुठे काही लागलं नाही."

थोरलीने प्लास्टरकडे पाहिलं. "मी तुला ढकललं," ती म्हणाली. "कुणी परकी असती तरी एक वेळ... मी तुझा हात धरायला हवा होता. मी थोरली आहे."

"अंधार होता."

"मला दिसत होतं ना पण. तू आहेस हे मला माहीत होतं." तिचा आवाज फुटला. "अगं, मी लहान असताना मला एकदा धान्याच्या कोठीत कोंडलं होतं खेळता खेळता. पोरं विसरून गेली. मी कुणाला सांगितलं नाही इतकी वर्षं. घरात सगळ्यांना दम देते ना मी, तो का देते मला विचार. कुणी परत कोंडू नये म्हणून."

धाकटीने तिच्या चांगल्या हातावर हात ठेवला.

सोमवारी थोरली कामावर आली. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि खाली उतरेना. येणारीजाणारी तिला ओलांडून जाऊ लागली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "एका हाताने खळ लावता येईल की तुला, चल खाली."

"येईन. तो मागचा दरवाजा उघडा, मग येईन."

"अगं, मालक रागावतील."

"रागावू देत. मी भ्यायले आहे, बाई. मला लाज वाटत नाही आता. तुम्ही पण भ्यायल्या आहात, फक्त चष्मा लावून भ्यायल्या आहात."

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. मग दोन पायऱ्या चढून त्या थोरलीच्या शेजारी बसल्या. त्यांच्या खालच्या पायरीवर चिमणी बसली, तिच्याखाली धाकटी, आणि बघता बघता सगळा जिना भरला. खाली एकही हात चालत नव्हता.

मालक आले ते तावातावाने आले. "हे काय चाललंय? पुस्तक परवा द्यायचंय मला! त्या कादंबरीने तुमची डोकी फिरवली आहेत. असल्या लेखकांना कामधंदा नसतो, तुम्हाला आहे!"

"मालक," थोरली बसूनच म्हणाली, "तुम्ही एकदा खाली चला. या जिन्याने. आम्ही इथेच बसून राहतो, तुम्ही दिवा बंद करा आणि वर येऊन दाखवा."

मालकांनी जिन्यावरच्या बायकांकडे, मग त्यांच्या पलीकडे खाली बघितलं. मग काकांना हाक मारली, "काका, माझ्या टेबलाच्या खालच्या खणात किल्ल्यांचा जुडगा आहे बघा."

पुठ्ठ्यांची थप्पी हलवली. कुलपात मशीनचं तेल सोडलं. तिसरी की चौथी किल्ली फिरली आणि कुलूप कुरकुरत सुटलं. मालकांनी विजयी मुद्रेने बायकांकडे बघत दार ढकललं.

दार हललं नाही.

त्यांनी खांदा लावला. काकांनी लावला. मग मास्तरीणबाई, धाकटी, चिमणी, सगळ्यांनी जोर लावला. दार भिंतीसारखं उभं. लाकडाने एक लहानसा आवाज केला तेवढाच.

"फुगलं असेल," मालक म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता. "दमटपणाने फुगतं लाकूड. थांबा, मी मागून बघून येतो."

ते वर गेले. छापखान्याला वळसा घालून बोळात जायचं म्हणजे जरा वेळ लागतो. बायका दाराशी उभ्या होत्या. मग दाराच्या पलीकडून, खूप जाड काहीतरी मध्ये असावं तसा, मालकांचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. चिमणीने धाकटीचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. "असाच," ती पुटपुटली, "असाच आवाज वर गेला असेल जाळीखालच्यांचा."

मालक परत आले तेव्हा त्यांच्या तोंडाला रंग नव्हता. ते पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसले. "कात्रणं," ते म्हणाले. "आपलीच कात्रणं आहेत. गठ्ठे. दाराला लागून, पार माझ्या डोक्याच्या वर."

पुस्तकांच्या कडा कापल्या की कात्रण निघतं. रोज संध्याकाळी बायकाच ते पोत्यांत दाबून भरायच्या. काका ते वर नेऊन मागच्या बोळात टाकायचे. रद्दीवाला आला की वरचे वरचे गठ्ठे न्यायचा. खालचे तसेच राहायचे, पावसापाण्याने दबून दगड व्हायचे. असं किती वर्षं चाललं होतं कुणास ठाऊक. काका खालमानेने उभे होते. "बंद दार आहे म्हणून टाकत होतो," ते म्हणाले. "मला वाटलं, भिंतच ती."

"म्हणजे किल्ली तुमच्या खिशात असती तरी..." मास्तरीणबाईंनी वाक्य पुरं केलं नाही.

आत्तापर्यंत थोरलीला वाटत होतं की भीती तिच्या डोक्यात आहे, कोठीतल्या त्या पोरीची आहे. ती तशी नव्हती. कागदाने भरलेलं तळघर, खळ, तेल, जुन्या वायरी, दीड माणसाचा जिना, आणि मागे हे. ती रोज बिनधास्त आत येत होती तेव्हा चुकत होती. घाबरली तेव्हा बरोबर होती. हे कळल्यावर धीर येईल असं कुणालाही वाटेल, पण तिला उलट दरदरून घाम फुटला.

त्या दिवशी घड्या पडल्या नाहीत. सगळे बोळात होते. मालकांनी बाह्या सारल्या आणि पहिला गठ्ठा स्वतः ओढला. खालचे गठ्ठे काळे पडले होते, त्यांत झुरळं आणि उंदरांची बिळं होती. चिमणी दर गठ्ठ्याला किंचाळत होती आणि तरी पुन्हा पुढे येत होती. ऊन कलायला लागलं तेव्हा दार मोकळं झालं. आतून धाकटीने ढकललं. ते जमिनीला घासत, रडत, अर्धं उघडलं, आणि तळघरात पहिल्यांदा सरळ उजेड आला. त्यात उडणारी धूळ बघत सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या.

मालक पायरीवर बसून हात पुसत होते. "ते पुस्तक," ते धाकटीला म्हणाले, "त्यात शेवटी काय होतं? सुटतात का ते?"

"मी क्रमाने वाचलेलं नाही, मालक. तुम्हीच बंद केलंत."

"मग वाच ना. काम उद्या करू."

दाराची खालची कड तासली, आतून साधी कडी लागली. कुलूप गेलं. पुस्तक एक दिवस उशिरा गेलं आणि मालकांनी त्याबद्दल कुणाचं काय ऐकून घेतलं ते त्यांनी सांगितलं नाही.

शेवटचं प्रकरण धाकटीने दुसऱ्या दिवशी वाचलं. काका खाली येऊन बसले होते. मालक जिन्यावर उभे होते, आपण सहज थांबलो आहोत असं दाखवत. मागचं दार उघडं होतं. वाचता वाचता वाऱ्याने ते धाडकन लागलं आणि धाकटीचा आवाज अर्ध्या शब्दात तुटला. कुणी हललं नाही. मग थोरली उठली. डाव्या हाताने दार ढकललं. ते उघडलं. तिने बाहेर डोकावून बोळाच्या दोन्ही टोकांना बघितलं, पायाने एक पुठ्ठ्याचा गठ्ठा सरकवून दार उघडं राहील असं अडवलं आणि जागेवर येऊन बसली. "हं," ती म्हणाली.

पुस्तकात जाळी शेवटी एका खलाशाने कुऱ्हाडीने फोडली. काही माणसं वर आली. सुताराची बायको आली. सुतार आणि म्हातारी आले की नाही ते लेखकाने लिहिलं नव्हतं. सकाळी समुद्र शांत होता आणि ती कठड्याला धरून उभी होती, इथे पुस्तक संपत होतं.

"संपलं?" थोरली म्हणाली.

"संपलं, जाऊबाई."

"असं कसं? किती वर आले, किती राहिले, ते सांगायला नको?" ती खरंच चिडली होती. "बाकीच्यांची नावं तरी द्यायची. त्या बाईने विचारलं असेल ना कुणाला. ती नुसती उभी राहील होय?"

मास्तरीणबाईंनी डोळे टिपले आणि चष्मा परत लावला. मालक जिन्यावरून केव्हा वर गेले कळलं नाही.

संध्याकाळी दोघी जावा घराकडे निघाल्या. चौकात गर्दी होती, रस्ता ओलांडायचा होता. थोरलीने प्लास्टरचा हात छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने धाकटीचं मनगट पकडलं, घट्ट, दुखेल इतकं. गाड्या गेल्या, रस्ता मोकळा झाला, पलीकडे पोचल्या, तरी तिने ते सोडलं नाही.

"मी विचारलं असतं," ती चालता चालता म्हणाली. "एकेकाला धरून विचारलं असतं."